सबब खरी असली, तरी



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने 'सकारात्मक राहा' असं सांगायची पद्धत आहे. मी ते सांगणार नाही. ज्याच्या शेतात लागोपाठ पिकं बुडाली, त्याच्या मुलाला 'हसत राहा' म्हणणं हा मला आगाऊपणा वाटतो. मी सबबींबद्दल बोलणार आहे, तेही खऱ्या सबबींबद्दल. खोटी सबब सांगणाऱ्याला आपण थाप मारतोय हे मनातून ठाऊक असतं. खरी सबब मात्र माणसाला जन्मभर पुरते.

मुलाखती घेताना मी अशा खऱ्या सबबींची जर-तरची भाषा पुष्कळ ऐकली आहे. 'सर, इंग्रजी माध्यम असतं तर...', 'पुण्याला क्लास लावायची ऐपत असती तर...', 'वडिलांचं आजारपण निघालं नसतं तर...' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण उमेदवार तिथेच थांबायचा, आणि आम्हालाही पुढे विचारायला काही उरायचं नाही.

खरी सबब हाताशी असूनही न थांबलेल्या एकाची गोष्ट सांगतो. धोंडो केशव कर्वे हा कोकणातल्या मुरुडचा मुलगा. परीक्षेला बसायला तो साताऱ्याला निघाला. सह्याद्री ओलांडून, शंभरावर मैल पायी. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याला वरखाली न्याहाळलं आणि '१७ वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परत पाठवलं. दाखला जवळ होता, त्याचा उपयोग झाला नाही. अंगाने किरकोळ, एवढाच गुन्हा. म्हातारपणापर्यंत सांगत बसावं असं हे कारण! पुढे तो कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाला.

मला मात्र त्या पायपिटीपेक्षा १९१६ साल जास्त मोलाचं वाटतं. कर्वे तेव्हा ५८ वर्षांचे होते, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्याची नोकरी संपली होती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी पुण्यात तसंच विद्यापीठ काढलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. हाताशी मोठा पैसा नाही, सरकारची मान्यता नाही. 'आधी मान्यता मिळू दे, मग बघू' असं ते म्हणाले असते, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. ते थांबले नाहीत. पहिल्या वर्षी मूठभर मुली आल्या, तेवढ्यांना घेऊन काम सुरू झालं. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी त्यानंतरची. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे संस्थेसाठी निधी गोळा करत परदेशी फिरले. कायद्याने मान्यता मिळायला तर स्वातंत्र्य उजाडावं लागलं. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ तिथल्या मुली सरकारने न मानलेली पदवी घेऊन बाहेर पडत होत्या. तुमच्या पदवीला निदान ती अडचण तरी नाही.

आता कुणी म्हणेल, कर्वे हे कर्वे होते. खरं आहे, आणि ही सबबही खरीच आहे.

एक खुलासा करतो. भरती वर्षानुवर्षं रखडते, ऐन वेळी परीक्षा पुढे ढकलली जाते, यात तुमचा दोष नाही. जबाबदार असतील त्यांना जाब विचारा, चांगला खडसावून विचारा. मी त्याला सबब म्हणत नाही. सबब आपण घरबसल्या स्वतःलाच सांगत असतो, आणि ती ऐकून कुणाचंच काही हलत नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी 'जरा परिस्थिती सुधारली की' म्हणून एखादं काम बाजूला ठेवलेलं असेल. न भरलेला अर्ज असेल, इंग्रजी बोलायचा सराव असेल, नाहीतर घरच्या दुकानाचा हिशोब संगणकावर घेणं असेल. परिस्थिती आहे तशीच राहणार असं धरून चाला. मग त्या कामातलं या आठवड्यात किती उरकेल ते बघा, आणि तेवढं उरकून टाका.

पदवीबद्दल तुमचं आणि तुमच्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन.