ससा खाणे सोडतो तेव्हा

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत गाय, म्हैस वा शेळी फुगली तर काय करावे, हे घरातील वडीलधारी माणसे सांगू शकतात. सशाच्या बाबतीत असे परंपरेचे ज्ञान नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात चारा मुबलक आणि दारी गोठा. त्यामुळे मुलांच्या हट्टापायी आणलेला ससाही गोठ्याच्याच चाऱ्यावर व गोठ्याच्याच औषधावर पोसला जातो. घोटाळा येथेच होतो.

गाय रवंथ करते, ससा करीत नाही. त्याचा चारा आंबतो तो जठरात नव्हे, तर आतड्याच्या मागील भागातील एका मोठ्या पिशवीत. तेथून मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या बाहेर येतात आणि ससा त्या थेट तोंडाने टिपून खातो. पाहणाऱ्यास किळस वाटते. परंतु पोषणाचा मोठा भाग त्यांतूनच मिळतो, म्हणून त्याला अडवू नये. पिंजऱ्यात दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या.

हे आतडे सतत चालते राहिले पाहिजे, आणि त्याला चालविते ती जाड तंतूंची वैरण. चपाती, पाव, बिस्किटे, भिजविलेले धान्य यांनी आतील सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो. आतडे मंदावते, वायू धरतो, पोट दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. त्याला ओकताही येत नाही. वाढलेल्या दातांमुळे खाणे सुटले तरी शेवट हाच होतो.

प्रथम लेंड्या बारीक व वेड्यावाकड्या होतात, मग थांबतात. ससा कोपऱ्यात पाठ फुगवून बसतो, दात करकरवितो. दहा-बारा तास खाणे व लेंड्या दोन्ही बंद असतील, तर सकाळची वाट पाहण्यात अर्थ नाही, पशुवैद्यक गाठावा. पोट ढोलासारखे ताठ असल्यास घरी काहीही भरवू नये. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागापासून फार दूर नाही.

वेदनाशामक औषध मिळाल्यानंतरचे काम मात्र घरचे, आणि ते चिकाटीचे. कान गार पडले असतील तर अंगाशी उबदार कापड ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हात उलट सावली, वारा व ओले गोणपाट हवे. पाणी पसरट भांड्यात ठेवावे. धुतलेली कोथिंबीर वा हिरवे गवत पाण्यात बारीक वाटून, गाळून, सुई काढलेल्या पिचकारीने समोरच्या दातांमागून, गालाच्या बाजूने द्यावे. एका वेळी एक मिलिलिटरही पुष्कळ झाले, गिळल्यावरच पुढचे. ससा उताणा धरून पाजल्यास द्रव फुप्फुसात जातो. गुरांना पाजतात ते तेलही त्याला पाजू नये. घरात उरलेले पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन तोंडाने दिले, तर पोटातील उपयुक्त जीवाणू मरतात आणि ससाही दगावू शकतो.

पहिल्या लेंड्या बारीक व काळपट येतात. तरी ते सुचिन्ह होय. त्यानंतर वाळलेले मारवेल किंवा हराळी सतत समोर असावी. लसूणघास या भागात सहज मिळते, पण मोठ्या सशाला ती थोडीच द्यावी. चारा बदलावयाचा तो आठवडाभरात, हळूहळू.

शिक्षकांच्या कानी आणखी एक गोष्ट असणे इष्ट. ऊसतोडीत मुले कधी रानसशाचे पिल्लू उचलून आणतात. पाळीव ससा युरोपीय वंशाचा. रानससा वेगळा, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो पाळता येत नाही. गाईच्या दुधाने त्या पिल्लास हगवण लागते व ते मरते. ते पोरके नसते. त्याची आई दिवसभर दूर राहून संधिकाळी, रात्री पाजण्यापुरती येते. पिल्लू धडधाकट असेल तर उचलले तेथेच, बांधाच्या आडोशाला, ठेवून यावे. जखमी असेल तर वन विभागास कळवावे.