दवाखान्यात पैसे भरण्याआधी विचारा



आज आपल्या गटाच्या कर्जवहीतल्या एका रकान्याबद्दल बोलू या. 'कर्जाचं कारण' हा तो रकाना. त्यात बियाणं असतं, शेळी असते, शिलाई मशीन असतं, आणि मधूनमधून 'दवाखाना' असतो. शेळीचं कर्ज शेळी फेडते. दवाखान्याचं कर्ज मात्र मजुरीतूनच फेडावं लागतं, आणि त्याच दिवसांत दोघांची मजुरी बुडालेली असते: आजारी माणसाची आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या बाईची. ऐन कापूस वेचणीत हे झालं तर वर्षाचा हिशोबच बिघडतो.

सावकाराकडून शेकडा पाचने 20 हजार उचलले, तर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. वर्षाला 12 हजार जातात आणि मुद्दल जागच्या जागी. गटातून शेकडा दोनने घेतले तर महिन्याला 400. फरक मोठा आहे. पण कर्ज काढायची वेळच आली नाही, तर त्याहून बरं.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मालकांच्या छातीत दुखायला लागलं. खासगी दवाखान्यात नेलं, तिथं आधी पैसे मागितले. ताईंनी दागिने गहाण ठेवले, भावाकडून उसने आणले. घरी निघताना भिंतीवर फलक दिसला: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. दवाखाना योजनेतला होता, पण बिल भरून झालं होतं.

ही तीच योजना, जिला आपण 'जीवनदायी' म्हणायचो. 2012 साली सुरू झाली, पुढे नाव बदललं. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि पांढरं रेशनकार्डवालेही त्यात आहेत. यादीतल्या आजारासाठी भरती झालं की तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एसटी भाडंसुद्धा त्यात धरलेलं आहे. मात्र सरकार पैसे दवाखान्याला देतं, आपल्या हातात नाही. म्हणून मंजुरी आधी घ्यायची. दवाखान्यात शिरल्यावर पहिलं विचारायचं, "आरोग्यमित्र कुठं बसतात?" रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायचं. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे. अडलं तर 155388 हा नंबर लावा.

योजनेत सगळं बसत नाही. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, गाडीभाडं, बुडालेली मजुरी आपल्यालाच सोसावी लागते. गोळ्यांसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

आणखी एक. पैसे वाचवायला आपण बायका दुखणं अंगावर काढतो. गोळीवर भागणारा आजार मग ऑपरेशनपर्यंत जातो. ही बचत नव्हे, ते आपल्याच अंगावर काढलेलं कर्ज आहे.

तर पुढच्या बैठकीत तीन कामं करा. प्रत्येकीचं रेशनकार्ड आणि आधार तपासा, नावात फरक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. जवळचे कोणते दवाखाने योजनेत आहेत, ते 155388 वर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ग्रामसंघाकडच्या जोखीम प्रवणता निधीतून आजारपणाला किती मदत मिळते, ते ठरावात नोंदवून घ्या.

आजार सांगून येत नाही. आपली तयारी मात्र आधी करता येते.