‘डिम’ : एका शब्दाच्या छटा



बोम्मसंद्रा येथून जाणाऱ्या होसूर रस्त्यावर रात्री समोरून वाहन आले, की समंजस चालक दिवे ‘डिम’ करतो. तेथे डिम म्हणजे सौजन्य. इंग्रजीत हाच शब्द दृष्टी, आठवण, आशा आणि बुद्धी यांनाही लागतो. मराठीत ज्योत मिणमिणती, दृष्टी अधू, आठवण पुसट, तर आशा धूसर असते. आपला ‘मंद’ मात्र प्रकाशालाही लागतो आणि बुद्धीलाही.

येथे एक कबुली देते. नवखी शिक्षिका असताना एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी ‘मंद’ असा शेरा लिहिला. पुढे कळले, त्याला फळ्यावरील अक्षरेच अंधुक दिसत होती. त्याला चष्मा हवा होता. मी शेरा दिला.

समईची ज्योत मिणमिणू लागली, की आपल्या आज्या समईला दोष देत नसत; काजळी झाडून वात पुढे सारीत, तेल घालीत. शाळेचे कार्य याहून निराळे नाही.

म्हणून हीरकमहोत्सवी वर्षात एवढीच विनंती : मुलांविषयी बोलताना नेमका शब्द शोधावा. तो सापडला, की उपायही सापडतो.