संगणकाची कुरकुर

आपण या क्षणीं माझा आवाज ऐकत आहां, आणि त्या आवाजामागें दुसरें कांहींही आपणांस ऐकूं येत नाहीं. ही शांतता आयती मिळालेली नसते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीचीं दारें जाड असतात, भिंतींना आवाज शोषून घेणारें अस्तर असतें, आणि घरघरणारें यंत्र शक्यतों आंत येऊंच दिलें जात नाहीं. अशी शांतता आपल्या घरीं, आणि तीहि संगणकाच्या शेजारीं, मिळवावयाची झाल्यास काय करावें लागतें, याचा माझा अनुभव आज आपणांस सांगावयाचा आहे.

मी प्राथमिक शाळेंतील शिक्षक. माझें स्वतःचें शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलें नाहीं. यंत्रशास्त्राचा मी जाणकार नव्हे, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. निवृत्तीनंतर मी अंध विद्यार्थ्यांकरितां पाठ्यपुस्तकें वाचून ध्वनिमुद्रित करण्याचें काम अंगावर घेतलें. पहिलें पुस्तक पुरें झाल्यावर त्यांतील एक विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, आपलें वाचन स्पष्ट आहे, पण मागें पिठाची गिरणी चालल्यासारखी वाटते. आम्ही दुप्पट वेगानें ऐकतों, तेव्हां त्या गिरणींत शब्दच दळले जातात." त्याची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. दोनशें पृष्ठें मी वाचलीं होतीं, आणि तीं त्याच्या उपयोगाचीं नव्हतीं.

ही गिरणी म्हणजे माझा जुना संगणक होता. ध्वनिमुद्रणांतील घरघर मागाहून पुसून टाकण्याची सोय संगणकांत असते, परंतु ती फार वापरली तर घरघरीबरोबर श, ष, स या वर्णांचाहि कांहीं अंश पुसला जातो. अंध विद्यार्थ्याला सारा आधार कानाचा. त्याच्या बाबतींत असली तडजोड मला पटेना. तेव्हां आवाज जेथें उत्पन्न होतो तेथेंच तो थांबवावा, असें ठरवून मी व माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें नवा संगणक घरींच जोडण्याचा घाट घातला.

प्रथम आवाजाचें कारण समजून घेऊं. संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सर्व अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ती उष्णता वाहून नेण्याकरितां पंखे लागतात, आणि पंखे आवाज करतात. म्हणजे कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडणें हाच शांततेचा पहिला उपाय होय. दुसरा उपाय पंख्याच्या आकारांत आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचें क्षेत्र ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असतें. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरूनहि तेवढीच हवा हलवतो. येथें निसर्गाचा एक नियम आपल्या बाजूचा आहे. पंख्याचे फेरे निम्मे केले, तर हवा निम्मी होते. परंतु आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. १० डेसिबल उतरले म्हणजे आवाज निम्मा झाला असें कानाला वाटतें. यावरून हवेच्या मानानें आवाजाची बचत किती मोठी आहे, हें ध्यानांत येईल.

या हिशेबानें आम्हीं सामान घेतलें. प्रोसेसर ६५ वॅटचा, आणि पडद्यावर चित्र उमटविण्याची शक्ति ज्याच्या अंगींच आहे असा घेतला. त्यामुळें वेगळें ग्राफिक्स कार्ड व त्याचे पंखे दोन्हीं टळले. येथें एक सावधगिरी हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकापुढें ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत ही शक्ति नसते. स्वस्त म्हणून तो घेतला तर पडदा काळाच राहावयाचा. हीटसिंक ऐसपैस आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याचा घेतला. कॅबिनेट पुढून जाळीचें घेतलें. कारण कांचेनें बंद केलेल्या पेटींत पंख्यांना अधिक धांवावें लागतें. हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी घेतली, जिच्यांत हलणारा असा एकहि भाग नसतो. एसएमपीएस मात्र गरजेहून मोठा आणि भार हलका असतां पंखा बंद ठेवणारा निवडला. या एका वस्तूंत काटकसर करूं नये, असें माझें मत झालें आहे.

जोडणीचें काम वाटतें तितकें अवघड नाहीं. मात्र त्यांत शिस्त लागते. काम लांकडी मेजावर करावें, आणि सुट्या भागांना हात लावण्यापूर्वीं उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. मदरबोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर बसतो, ते बोर्डाच्या छिद्रांशीं ताडून पाहावे. भलत्या ठिकाणीं राहिलेला एक जरी स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकला, तरी विजेचा आडमार्ग होऊन सर्व बिघडतें. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरे. हीटसिंकच्या तळावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असल्यास तो आधीं सोलून काढावा. मेमरीच्या पट्ट्या दोन असून खांचा चार असल्या, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवाव्या लागतात.

एवढें सर्व करून एका रविवारीं संध्याकाळीं आम्हीं बटण दाबलें. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला. श्रोतेहो, त्या क्षणीं माझ्या पोटांत गोळा उठला, हें मी लपवीत नाहीं. निवृत्तिवेतनांतून बाजूला टाकलेली रक्कम त्या पेटींत होती, आणि त्या मुलाची परीक्षाहि डोळ्यांपुढें होती. पहिली इच्छा झाली ती सगळें उपटून पुन्हां जोडावें अशी. परंतु वर्गांत गणित चुकलें म्हणजे मी मुलांना काय सांगत असें? सगळें पुसूं नका. एकेक पायरी तपासा. तोच नियम मी स्वतःला लावला.

पहिल्यानें थोडा वेळ वाट पाहिली. कारण डीडीआर-५ जातीची मेमरी नव्या बोर्डावर प्रथम ओळख करून घेतांना कांहीं मिनिटें पडदा काळा ठेवूं शकते. मग पडद्याची वायर पाहिली. त्यानंतर बोर्डाला वीज देणारी २४ टोकांची आणि प्रोसेसरला वीज देणारी ८ टोकांची, अशा दोन्हीं जोडण्या पाहिल्या. ही दुसरी पुष्कळांकडून विसरली जाते. त्या ठीक होत्या. तेव्हां नातवानें बोर्डाच्या कडेला असलेले चार बारीक दिवे दाखविले. हे दिवे अनुक्रमें प्रोसेसर, मेमरी, चित्र आणि आरंभ यांची तपासणी कोठें अडली, तें सांगतात. आमच्या बोर्डावर मेमरीचा दिवा तेवत होता. मी पट्टी मोडेल या भीतीनें हलकेच टेकवून ठेवली होती. नातू म्हणाला, "आजोबा, टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचं असतं." वीज बंद करून, वायर काढून, त्यानें ती दाबली. टक् असा आवाज आला, आणि पुढच्या खेपेस पडदा उजळला. चूक यंत्राची नव्हती. माझ्या भित्रेपणाची होती.

आतां यंत्र चालूं झालें, पण शांत झालें काय? नाहीं. पंख्याचा आवाज घडीघडी चढे आणि उतरे. एकसारख्या आवाजाकडे कान दुर्लक्ष करतो, चढउताराकडे मात्र तो वळतोच. याचें कारण असें कीं, प्रोसेसर क्षणभर कामाला लागला कीं त्याचें उष्णतामान एकदम उसळतें, आणि पंखा त्याच्या मागें धांवतो. बायोसमध्यें पंख्याची चाल ठरविण्याची सोय असते. तेथें आम्हीं पंख्याला कांहीं सेकंद धीर धरावयास लावलें, आणि ६० अंशांपर्यंत त्याची गति मंद ठेवली. उन्हाळ्याच्या भर दुपारीं, यंत्राला मुद्दाम कामाला जुंपून, उष्णतामान पाहिलें. तें ७५ अंशांच्या पुढें गेलें नाहीं. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःच आपला वेग आवरतात, हें लक्षांत घेतां ही स्थिति निर्धास्तपणाची होती.

तरीहि एक बारीक गुणगुण उरलीच. ती शोधण्यास जाड कागदाची सुरळी करून एक टोक कानाला व दुसरें यंत्राच्या निरनिराळ्या भागांजवळ धरावें. वैद्याच्या नळीप्रमाणें तिचा उपयोग होतो. फिरत्या पंख्याला बोट मात्र लावूं नये. तसेंच एसएमपीएसची पेटी कधींहि उघडूं नये. वायर काढल्यानंतरहि तिच्या आंत ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज कांहीं काळ दडून राहूं शकते. मी सुरळी सर्वत्र फिरविली, पण गुणगुण यंत्रांत सांपडेना. शेवटीं कंटाळून संगणक बंद केला, तों गुणगुण चालूंच! ती मेजाखालच्या यूपीएसची होती. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते, आणि रोहित्राचा लोखंडी गाभा तिच्या दुपटीनें, म्हणजे १०० वेळां, थरथरतो. यूपीएसखालीं रबराची जाड चटई घालून तो भिंतीपलीकडे नेला. हीच परीक्षा मी पहिल्या दिवशीं केली असती, तर दोन दिवस वांचले असते. म्हणून माझी विनंती आहे कीं, दोष शोधतांना संशयिताला आधीं खोलीबाहेर काढून पाहावें. तो नसतांनाहि तक्रार उरत असेल, तर त्याला दोष देऊं नये.

जुन्या हार्ड डिस्कवर माझीं सारीं वाचनें होतीं. ती मिनिटास ७२०० फेरे, म्हणजे सेकंदास १२०, घेत असे, आणि मेजावर ठेवली कीं मेजच घुमूं लागे. ती आतां मी आठवड्यांतून एकदां, प्रत उतरून ठेवण्यापुरतीच जोडतों. शिवाय संगणक मेजावरून खालीं, मायक्रोफोनपासून चार फूट दूर ठेवला आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट केलें कीं आवाज ६ डेसिबलनें उतरतो. खोलींत भिंतींमुळें तितका उतरत नाहीं. तरी या उपायाला पैसा लागत नाहीं.

तीं दोनशें पृष्ठें मी पुन्हां वाचलीं. परीक्षेच्या पांच आठवडे आधीं तीं त्या विद्यार्थ्याच्या हातीं पडलीं. दुसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला. "गुरुजी, गिरणी बंद झाली. पण आतां आपल्या खोलींतलें घड्याळ ऐकूं येतें."

तें घड्याळ मी त्याच दिवशीं माजघरांत नेऊन टांगलें.