उचलेल, पण पेलेल का?

बचत गटांच्या समन्वयाचं काम करणाऱ्या आम्ही सगळ्या जणी आज तुमच्याशी एका यंत्राबद्दल बोलणार आहोत. उन्हाळा जवळ आला की गटांच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. गटाकडे छोटा ट्रॅक्टर असतो. गावात कुणीतरी मोबाइलवर चित्र दाखवतं, त्यात तशाच छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जेसीबीसारखा खोदणारा हात लावलेला असतो. मग विचारणा सुरू होते, "ताई, हा आपल्या ट्रॅक्टरला बसंल का? गटाला चार पैसे मिळतील का?"

या हाताला बॅकहो म्हणतात. विकणारे त्याला मिनी जेसीबीही म्हणतात. ट्रॅक्टर घेतलेले गट आपल्याकडे बरेच आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं मिळतात. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आणि १० टक्के गटाचा हिस्सा, अशी ती योजना. ट्रॅक्टर दारात आला, पण पेरणी-मशागतीनंतर तो बरेच महिने उभाच राहतो, हे दुखणं सगळ्यांचं आहे. त्याला बारमाही काम मिळावं असं वाटणं अगदी रास्त आहे. पण बॅकहोसाठी काढलेलं कर्ज दहाही जणींच्या नावावर चढतं. म्हणून सही करण्याआधी काय काय विचारायचं, ते आज आपण पाहू.

पहिला प्रश्न वजनाचा. विकणारा सांगतो, "तुमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट साडेसातशे किलो उचलते. आमचा बॅकहो चारशेच किलोचा आहे. आरामात उचलेल." यातला आकडा खोटा नसतो. पण मैत्रिणींनो, उचलणं वेगळं आणि पेलणं वेगळं. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन आपण चालतो, पण तीच घागर हात लांब करून पुढे धरा बरं. वजन तेवढंच, पण तोल जातो. बॅकहोचंही तसंच आहे. त्याचं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. मागे जेवढं लांब लटकेल, तेवढी पुढची चाकं हलकी होतात.

एक हिशेब करू. वहीत लिहून घ्या. समजा ट्रॅक्टर ८५० किलोचा आहे. त्यातलं ३४० किलो पुढच्या चाकांवर आणि ५१० किलो मागच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर दीड मीटर. आता ४०० किलोचा बॅकहो लावला आणि त्याच्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून एक मीटर मागे आला. ४०० गुणिले १, भागिले दीड, म्हणजे सुमारे २६७. एवढे किलो पुढच्या चाकांवरून कमी होतात. ३४० मधून २६७ गेले, उरले ७३. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा नियम धरतात. ८५० चा पाचवा हिस्सा १७०. आपल्याकडे उरले ७३. म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं जमिनीवर धड टेकलेली नसतील. बांध चढताना ट्रॅक्टर मागे उलटू शकतो आणि चालक खाली सापडू शकतो.

यावर उपाय आहे. पुढे लोखंडी वजनं लावतात. या उदाहरणात पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे सुमारे ७० किलो लावलं, तर पुढचा भार पुन्हा १७० होतो. पण आता मागच्या चाकांवर किती आलं? आधी ५१० होतं, ते सुमारे ११५० झालं. दुपटीहून जास्त! एवढा भार टायर आणि आस सोसतील का, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहायचं. हे सगळं बॅकहो मिटवून ट्रॅक्टर रस्त्याने चालतानाचं झालं. खोदताना बॅकहोचे दोन पाय जमिनीवर टेकवतात, तेव्हा भार त्या पायांवर जातो.

एवढी आकडेमोड नको वाटत असेल, तर सोपा मार्ग सांगतो. ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या. साखर कारखाना, जिनिंग, खडी क्रशर, कुठेही काटा असतो. आधी अख्खा ट्रॅक्टर तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. विक्रेत्याला सांगा, "भाऊ, बॅकहो लावून दाखवा आणि तसाच काट्यावर चला." मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोंचा फरक पडतो, तो धरून चाला. पुढची चाकं पाचव्या हिश्शाच्या खाली गेली, तर पुढचं बोलणंच नको. काट्याची पावती शंभर-दीडशे रुपयांची, कर्ज लाख-दोन लाखांचं.

दुसरा प्रश्न जोडणीचा. नांगर किंवा रोटाव्हेटर आपण मागच्या लिफ्टच्या तीन सांध्यांना लावतो, खाली दोन आणि वर टॉप लिंक. काही बॅकहोही तसेच अडकवतात. पण नांगर मागून ओढला जातो आणि बॅकहो ट्रॅक्टरला ढकलतो, उचलतो, पिळतो. खाली दगड लागला की बकेट अडकते आणि सगळा जोर ट्रॅक्टरच्या पाठीवर येतो. ट्रॅक्टरला मालमोटारीसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच आणि गिअरचा भाग एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात, तोच त्याचा कणा. सतत असा जोर बसला तर तो जोडच फुटू शकतो. त्यात टॉप लिंक तुटली किंवा सुटली, तर बॅकहो उसळून वर येतो आणि त्याच्या बैठकीवर बसलेला माणूस ट्रॅक्टरवर दाबला जातो.

म्हणून चांगल्या जोडणीत खाली लोखंडी चौकट असते. ती मागून थेट पुढच्या आसापर्यंत जाते आणि जोर सगळ्या ट्रॅक्टरवर वाटून देते. विक्रेत्याला विचारायचं, "चौकट कुठपर्यंत येते? आमच्या मॉडेलसाठीच बनवली आहे का? ट्रॅक्टर कंपनी हा बॅकहो चालतो असं लिहून देईल का?" गावातल्या वेल्डरकडून चौकट करून घेऊ असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. आणि चौकटीचं वजनही वर सांगितलेल्या हिशेबात धरायचं.

तिसरा प्रश्न तेलाचा. खोदणारा हात हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चालतो. दाबावर जोर ठरतो आणि मिनिटाला किती लिटर तेल फिरतं त्यावर वेग ठरतो. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मुळात लिफ्ट वर-खाली करण्यापुरता असतो. त्यावर बॅकहो चालवला तर हात रेंगाळतो आणि तेल तापतं. बऱ्याच बॅकहोंना म्हणून पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि वेगळी तेलाची टाकी असते. ती आहे का, किती लिटरची आहे, ते विचारा. तेल भरलं की तेही वजनच. पाइप फुटला तर नवा कुठे मिळतो आणि किती दिवसांत, हेही विचारा. ऐन हंगामात आठ दिवस यंत्र उभं राहिलं तरी हप्ता थांबत नाही.

आता चौथा प्रश्न कामाचा. आमच्या मते सगळ्यात मोठा हाच. आंब्याचा खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असतो. खोदलेली माती फुगते, तेव्हा ती सव्वा घनमीटर धरू. छोट्या बॅकहोच्या बकेटमध्ये ३० लिटर माती बसली, तर एका खड्ड्याला बेचाळीस बकेटा लागतात. एका बकेटला अर्धा मिनिट धरलं तर एकवीस मिनिटं. त्यात पाय उचलणं, पुढे सरकणं, पुन्हा पाय टेकवणं. तासाला दोन खड्डे झाले तरी चांगलं म्हणायचं. मोठ्या जेसीबीची मागची बकेट पाव घनमीटरच्या आसपास असते. त्याला पाच-सहा बकेटा पुरतात. तासाला दहा खड्डे धरायला हरकत नाही.

जेसीबीचा दर भागाप्रमाणे बदलतो. तासाला १२०० रुपये धरले, तर शेतकऱ्याला एक खड्डा १२० रुपयांना पडतो. तो आपल्याला जास्त का देईल? आपले तासाला दोन खड्डे, म्हणजे २४० रुपये. डिझेल दोन लिटर, ९० रुपयांनी १८० रुपये. उरले साठ. चालकाची दिवसाची मजुरी ५०० धरली तर तासाला साठ-बासष्ट रुपये त्याचेच झाले. गटाच्या हातात काय आलं? काही नाही. हप्ता तर अजून मोजलाच नाही. आणि रोजगार हमीच्या कामात माणसांच्या हाताला काम द्यायचं असतं, तिथे यंत्र घालायची मुभा नसते. ते खड्डे आपल्या हिशेबात धरायचे नाहीत.

मग छोट्या बॅकहोला कामच नाही का? आहे. जेसीबी दोन मीटरहून जास्त रुंद आणि सात टनांहून जड असतो. उभ्या बागेच्या ओळीत, गावातल्या बोळात, घराच्या मागच्या शोषखड्ड्याला, फुटलेल्या पाइपलाइनला तो नेता येत नाही किंवा परवडत नाही. तिथे लोक तासावर पैसे देतात. समजा तासाला ५०० रुपये मिळाले. डिझेल आणि चालक वजा जाता २६० उरले. आता दोन लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज आणि तीन वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला सुमारे ६,६४० रुपये येतो. ६,६४० भागिले २६०, म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस तास, वर्षाला तीनशेहून जास्त तास. तेवढं काम झालं तर फक्त हप्ता फिटेल. दुरुस्ती आणि नफा त्यानंतर.

आमच्या भागातल्या एका गटाने हाच हिशेब बैठकीत मांडला. दहा जणींपैकी सहा जणी घ्यायच्या बाजूच्या होत्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एक वहिनी म्हणाल्या, "ट्रॅक्टर दारात उभा राहून गंजतोय, पोरगं चालवायला तयार आहे, मग अडलं कुठं?" तेव्हा गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशींनी विक्रेत्याला विचारलं, "भाऊ, याचं वजन किती अन् ते ट्रॅक्टरच्या किती मागं येतं?" तो हसून म्हणाला, "मावशी, तुम्हाला वजन काय करायचंय?" मावशी म्हणाल्या, "फेडायचं आम्हाला हाय, म्हणून विचारते."

मग त्या जणींनी आठ दिवस गाव पालथं घातलं. कुणाकडे कोणतं काम, किती तासांचं, किती पैसे देणार, असं नावानिशी वहीत लिहिलं. बेरीज झाली वर्षाला ८५ तास. तीनशे कुठे आणि पंच्याऐंशी कुठे! गटाने बॅकहो घेतला नाही. उलट खड्डे करायचे असलेले शेतकरी एकत्र केले, त्यांना जेसीबी एकाच दिवशी ठरवून दिला आणि शेणखत, रोपं, मुरूम वाहायचं काम आपल्या ट्रेलरला मिळवलं. एका पैशाचं कर्ज न काढता ट्रॅक्टर हलला. नाराजी राहिली नाही असं नाही. वहिनींना अजूनही वाटतं की यंत्र असतं तर काम आपोआप आलं असतं. पुढच्या वर्षी वहीतले तास वाढले तर विषय पुन्हा घ्यायचा, असं ठरावात लिहून ठेवलं आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. १८ अश्वशक्तीच्या आणि आठ-नऊशे किलोच्या ट्रॅक्टरला खोदणारा हात लावायची घाई करू नका. तुमचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा आणि वजनदार असेल, कंपनीची चौकट मिळत असेल आणि वहीत तीनशे तासांचं काम नावानिशी असेल, तर जरूर विचार करा. अनुदानाचा ट्रॅक्टर असेल तर आधी समाज कल्याण कार्यालयात विचारा. विमा कंपनीकडून आणि आरटीओकडूनही लेखी घ्या, कारण शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या खोदकामाला लावला आणि अपघात झाला, तर भरपाई अडू शकते.

आणि यंत्र कुणाचंही असो, काही गोष्टी पाळायच्याच. खोदण्याआधी वर विजेच्या तारा आणि खाली केबल, पाइप पाहायचे. हात फिरतो तेवढ्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही, लेकरं तर नाहीच. खोल चरात आधाराशिवाय उतरायचं नाही. घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या घरात जातं, ती अंगावर आली की माणूस ओरडूही शकत नाही.

पुढच्या बैठकीत वहीत चार रकाने पाडा: वजन, जोडणी, तेल, काम. चारही भरल्याशिवाय ठरावावर सही किंवा अंगठा करू नका. रकाना भरता आला नाही तर तुमच्या समन्वयक ताईला बोलवा, आम्ही काट्यापर्यंत तुमच्याबरोबर येऊ.