घाटाखालून घाटावर निरोप
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, मोताळा)



आपला जिल्हा आपण घाटावरचा आणि घाटाखालचा असाच ओळखतो. मोताळा खाली, बुलढाणा वर, मध्ये राजूर घाट. नळगंगेला पूर आला, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, तर इथला निरोप जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवायचा कसा? हौशी रेडिओचं, म्हणजे हॅम रेडिओचं, फिरतं केंद्र हे काम करू शकतं. पण आधी सराव झालेला असेल तरच.

हातातल्या वॉकीटॉकीवर इथं भिस्त ठेवता येणार नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. डोंगराची कड आडवी आली की आवाज तुटतो. मग ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर यायचं. साधारण १०-१० मीटरच्या दोन तारा, मधला जोड बांबूवर आणि दोन्ही टोकं उतरती ताणलेली. दूरदेशी बोलणारे अँटेना उंच चढवतात; आपल्याला मात्र ती मुद्दाम ठेंगणी हवी. पाच-सहा मीटरवरची तार लहरी जवळजवळ सरळ वर फेकते, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्या परतवतं आणि दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात त्या पावसासारख्या वरून उतरतात. घाट आडवा येतच नाही! रात्री हे गणित बदलतं, ८० मीटरच्या पट्ट्यावर जावं लागतं. म्हणून सराव रात्रीचाही हवा. विजेच्या तारांजवळ अँटेना कधीही बांधू नका, आणि ढग गडगडू लागले की ती रेडिओ संचापासून सोडवा.

१०० वॅटवर बोलताना संच २० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, ऐकताना जेमतेम एक. बॅटरी टिकवायची तर थोडं बोलावं. निरोप आधी कागदावर लिहावा: “सराव. दुपारी २.१०. पुलावर पाणी, रस्ता बंद. एक रुग्ण मलकापूरला हलवायचा आहे. सराव.” समोरच्यानं तो शब्दशः परत वाचून दाखवावा. सुरुवातीचा आणि शेवटचा ‘सराव’ गाळला, तर ऐकणाऱ्यांत नाहक घबराट पसरेल.

आधीची तयारी किती कामी येते, पाहा. डिसेंबर २००४ मध्ये हॅम रेडिओ चालवणाऱ्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली, तेव्हा त्यांचं केंद्र तिथं उभारलेलं होतं, हात सरावलेले होते. म्हणूनच बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत लगेच जाऊ लागले. मला या घटनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे ‘आधीपासून’ असणं.

हॅम रेडिओ चालवायला परवाना लागतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा १२ वर्षांवरील कुणालाही देता येते. पदवीची अट नाही. पावसाळा तोंडावर आहे. या वर्षी परवानाधारकांना बोलावून नळगंगेकाठी एक दिवस-रात्र सराव करू, पुढच्या वर्षी संचावर मोताळ्याचीच मुलं-मुली बसावीत. ज्यांना परीक्षेला बसायचं आहे, त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थांबावं. अभ्यासाचा वार आजच ठरवू.