देव थांबतो, घटका थांबत नाही
(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यातील मनोगत)

 

आपल्या दिंडीला आज 100 वर्षे पूर्ण झाली. दिंडीचं वय वर्षांत मोजतात, वारकऱ्याचं मात्र वाऱ्यांत. वाटेवर नवा माणूस भेटला तर आपण त्याला वय विचारत नाही, "माउली, कितवी वारी?" असं विचारतो. हा हिशेब फार चोख आहे. त्यात चाललेली वारीच जमा होते, मनात आलेली वारी जमा होत नाही.

वेळ कशी पाळावी हे सोहळ्यानेच आपल्याला शिकवलं. माउलींची पालखी निघताना तीनदा कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर करायची, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत जागेवर उभं राहायचं आणि तिसऱ्याला पाऊल उचलायचं. कोणाचा चहा राहिला म्हणून रथ थांबत नाही. तरी वाटेवर मागे राहिलेला माणूस धावतपळत दिंडी गाठतो. आयुष्यात निघून गेलेली वेळ तशी गाठता येत नाही.

जुन्या मंडळींना घटिकापात्र आठवत असेल. पाण्याच्या घंगाळात, बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. भोकातून पाणी हळूहळू वर चढतं, वाटी भरते आणि बुडते. की झाली एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. लग्नाचा मुहूर्त त्यावरच धरत. अशा 60 घटकांचा एक दिवस. माणूस गेला की "त्याची घटका भरली" म्हणतो, तो शब्द याच वाटीवरून आला. ही वाटी भरताना आवाज करत नाही हो! बुडाली म्हणजेच कळतं.

आणि आपण काय म्हणतो? "यंदा पेरणी आहे, पुढच्या वर्षी बघू. पोरीचं लग्न उरकू द्या. नोकरी संपू द्या." कामं खोटी नसतात, प्रपंच कोणाला चुकला आहे? पण जरा बोटं मोजा. 60 व्या वर्षी माळ घातली आणि 75 पर्यंत पाय चालले, तर हाती फक्त 15 आषाढ्या. त्यातलीही प्रत्येक आपल्या हातातली नाही. 2020 आणि 2021 साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. तरण्या पोरांनी ती वारी पुढं चालून भरून काढली. पण ज्यांच्या पायांत शेवटच्या दोनच वाऱ्या शिल्लक होत्या, त्यांनी काय करावं? पैसा उसना मिळतो, बी-बियाणं उसनं मिळतं. आषाढी उसनी कोण देणार?

मग घरदार सोडून सारा वेळ टाळ कुटावा का? तसं आमचं म्हणणं नाही. पुंडलिकाकडे पाहा. तो आईबापांची सेवा करत होता आणि देव दारात आला. त्यानं वीट पुढं सारली आणि देवाला थांबायला सांगितलं. देव थांबू शकतो हे त्याला ठाऊक होतं, म्हातारे आईबाप थांबू शकत नाहीत हेही ठाऊक होतं. कोणाला थांबवावं आणि कोणासाठी आपण थांबावं, एवढं ज्याला कळलं त्याला वेळेची किंमत कळली. देव आजही त्या विटेवर उभा आहे. पुंडलिकाचे आईबाप केव्हाच गेले.

आज आपल्या घरी आई ओसरीवर एकटी बसते आणि आपण शेजारीच बसून मोबाईल सरकवतो. ती पाणी मागत नाही, दोन शब्द मागते.

म्हणून शतकपूर्तीच्या निमित्तानं दिंडीचं एकच मागणं आहे. वर्गणी नको. रोजच्या 60 घटकांतली एक घटका हरिपाठाला द्या आणि एक घटका घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. उरलेल्या 58 प्रपंचाला खुशाल वापरा. आणि वारीला यायचं मनात असेल, तर पुढच्या वर्षीचं नाव काढू नका. याच आषाढीला या. पहिला कर्णा वाजला आहे.

रामकृष्णहरी!